बाहुली आणि नासपती

चेंडूशी माझे लहानपणापासूनच जमले नाही. शाळेत मुले मला नेहमी गोलात उभे करीत. पण ते मी चेंडू अडवीन या भरवशाने नव्हे. हा धावण्याच्या कामाचा नाही, निदान एका जागी उभा तरी राहील, एवढाच त्यांचा हिशेब. घरी मात्र मला त्या जागेवर आग्रहाने उभे करणारा एक माणूस होता. तो म्हणजे माझा धाकटा भाऊ. आमच्या परसातल्या गोठ्याच्या भिंतीवर तो कोळशाने दोन उभ्या रेघा ओढी, त्यांच्यामध्ये मला उभे करी आणि बारा पावले मोजून रबरी चेंडू मारी. पैज चिक्कीच्या वडीची असे. तो माझ्याहून आठ वर्षांनी लहान. घरात सगळे त्याला बाळ म्हणत. आता त्याच्या कानशिलांवर केस पिकले आहेत, तरी माझ्या तोंडी तेच नाव येते.

हा बाळ गेली कित्येक वर्षे चेक देशाच्या राजधानीत, प्रागमध्ये, एका कारखान्यात इंजिनियर आहे. २०२३ सालच्या मे महिन्याच्या सुट्टीत त्याने मला विमानाचे तिकीट पाठवले. सोबत एकच ओळ होती: "दादा, आता तरी ये." त्या 'आता तरी'मध्ये बरेच काही होते. आईला जाऊन पाच वर्षे झाली होती, आणि त्या पाच वर्षांत आम्ही दोघे भाऊ वर्षातून दोनदाच बोलत होतो, एकदा दिवाळीला आणि एकदा आईच्या तिथीला. का, ते पुढे ओघाने येईलच. निघताना मी पिशवीत चिक्कीचा एक पुडा टाकला. का टाकला हे माझे मलाच नीट ठाऊक नव्हते. आणि तिथे पोचल्यावर तो पुडा बाहेर काढण्याचे धैर्य मला आठ दिवस झाले नाही.

बाळ राहतो त्या भागाचे नाव व्हर्शोव्हित्से. प्रवासी ज्यासाठी प्रागला जातात ते राजवाडे, तो जुना पूल, ते घड्याळ, यांपैकी तिथे काहीही नाही. चार-पाच मजली जुनी घरे, त्यांच्यामधून खडखडत जाणाऱ्या ट्रामगाड्या, कोपऱ्यावर पावाचे दुकान. आणि या घरांना अगदी खेटून, एखाद्या वाड्याला चौक असावा तसे, एक फुटबॉलचे मैदान. लोक त्याला 'द्योलीचेक' म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ लहानसा खळगा. गालावर पडणाऱ्या खळीलाही ते तसलाच शब्द वापरतात. १९३२ सालापासून हे मैदान त्या खळग्यात आहे. शेजारच्या काही घरांच्या खिडक्यांतून आतला खेळ फुकट दिसतो. तिकीट न काढता सामना पाहणाऱ्या आजीबाई मी स्वतः पाहिल्या. त्या वाळत घातलेले कपडे काढायला आल्या होत्या, आणि मध्यंतर होईपर्यंत त्यांचे कपडे काही काढून होईनात.

मैदानाच्या दारावर हिरव्या रंगाचा कांगारू आहे. पहिल्या दिवशी मला वाटले, सर्कस आली आहे. पण तो त्या क्लबाचा मानबिंदू निघाला. त्याचे असे झाले. १९०५ साली या वस्तीतल्या पोरांनी क्लब काढला आणि त्याला वस्तीचेच नाव दिले. १९२७ साली हा संघ बोटीतून थेट ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला. आता 'व्हर्शोव्हित्से' हा शब्द ऑस्ट्रेलियन जिभेवर कसा चढावा? तेव्हा दौऱ्यापुरते सोपे नाव घेतले, 'बोहेमियन्स', म्हणजे बोहेमिया देशचे लोक. यजमानांनी निघताना पाहुण्यांना दोन जिवंत कांगारू भेट दिले. कांगारू पुढे प्राणिसंग्रहालयात गेले. क्लबाला नाव मात्र कायमचे चिकटले आणि चिन्हही मिळाले. दूरदेशी गेलेला माणूस घरी येताना काय घेऊन येईल याचा नेम नसतो.

हे सगळे मला कळले ते बाळाच्या शेजारच्या म्हातारबुवांकडून. ते ट्राम चालवून निवृत्त झालेले. वय ऐंशीच्या घरात, हात ट्रामचा दांडा धरल्यासारखे नेहमी पुढे. चेक भाषेत श्रीयुत या अर्थी 'पान' म्हणतात. बाळ त्यांचा उल्लेख 'पान अमुक' असा करी, तेव्हा मला उगाचच पानसुपारीची आठवण येई. मी मनातल्या मनात त्यांना आजोबाच म्हणू लागलो. ते बोलत चेकमध्ये, मी बोले मराठीत, आणि मध्ये बाळ दुभाषा. मला अबोल्याच्या दिवसांत ही मोठीच सोय वाटली. भावाशी बोलायचे नाही, पण भावाच्या तोंडून मात्र सगळे ऐकायचे.

मी मास्तर आहे, वर कादंबऱ्या लिहितो, हे कळल्यावर आजोबांनी खेळाडूंची नावे घेऊन मला त्यांचे अर्थ सांगायला सुरुवात केली. या क्लबाचा सर्वांत गाजलेला खेळाडू आंतोनीन पानेन्का. पानेन्का म्हणजे बाहुली! गोलरक्षक झ्देनेक ह्रुश्का. ह्रुश्का म्हणजे नासपती. सर्वाधिक गोल करणारा पावेल खालौप्का. खालौप्का म्हणजे लहानशी झोपडी. आणि या सर्वांना शिकवणारे तोमाश पोस्पीखाल. त्यांच्या आडनावाचा अर्थ, 'त्याने घाई केली'. हे पोस्पीखाल स्वतः १९६२ साली सांतियागोला ब्राझीलविरुद्ध विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात खेळले होते. बाहुली, नासपती आणि झोपडी. मला वाटले, आजोबा मला बालवर्गाचे पुस्तकच शिकवत आहेत.

बाहुलीची गोष्ट जगाला माहीत आहे. मलाच तेवढी नव्हती, म्हणून ती सांगतो. २० जून १९७६. बेलग्रेडला युरोपच्या अजिंक्यपदाचा अंतिम सामना. एका बाजूला पश्चिम जर्मनी, म्हणजे तेव्हाचे जगज्जेते. दुसऱ्या बाजूला चेकोस्लोव्हाकिया. जादा वेळ देऊनही दोन-दोन अशी बरोबरी सुटेना. मग बारा यार्डांवरून पाच-पाच फटके. चेकोस्लोव्हाकियाचे पहिले चारही फटके आत गेले. जर्मनांचा चौथा आडव्या खांबावरून उडाला. आता पाचवा फटका पानेन्काचा. गेला तर अजिंक्यपद. समोर झेप मायर, जगातल्या नामांकित गोलरक्षकांपैकी एक. पानेन्का लांबून धावत आला. मायरने एका बाजूला झेप घेतली. आणि पानेन्काने, कुणी पोरापुढे चेंडू टाकावा तसा, अलगद, गोलाच्या मधोमध चेंडू उचलून टाकला. मायर खाली पडल्यापडल्या चेंडूकडे पाहत राहिला. आजही जगात कुठेही कुणी असा फटका मारला तर त्याला पानेन्काच म्हणतात.

इथवर ठीक. पण आजोबांना सांगायचे होते ते पुढचेच, किंवा खरे म्हणजे मागचे. ही युक्ती बेलग्रेडला जन्मलेली नव्हती. क्लबाचा रोजचा सराव संपला की पानेन्का मागे थांबे आणि गोलात ह्रुश्काला उभे करी. पैज असे बिअरची, नाहीतर चॉकलेटची. ह्रुश्का पट्टीचा गोलरक्षक. पानेन्का वरचेवर हरू लागला आणि खिशाला चाट बसू लागली. रात्री अंथरुणात पडून विचार करता करता त्याला सुचले, की गोलरक्षक कुठल्या तरी बाजूला झेपावतोच. मग मधोमध हळूच का टाकू नये? जोरात मारलेला चेंडू पायाने तरी अडेल. हळू आलेल्या चेंडूसाठी मात्र झेपावलेला माणूस परत फिरू शकत नाही. दुसऱ्या दिवसापासून चॉकलेटे त्याच्याकडे येऊ लागली. ही हकीकत पानेन्काने स्वतःच पुढे अनेकदा सांगितली आहे.

मी दचकून बाळाकडे पाहिले. तो खिडकीबाहेर पाहत होता. कोळशाच्या दोन रेघा, बारा पावले आणि चिक्कीची वडी आम्हां दोघांनाही एकाच वेळी आठवली असावी.

"मग क्लबाला बक्षीस मिळाले ते पानेन्कामुळेच ना?" मी विचारले.

बाळाने प्रश्न पोचवला. आजोबा मान हलवून हसले. तो क्लब देशाच्या सर्वोच्च साखळीत एकदाच पहिला आला, आणि तो पानेन्का गेल्यावर!

मला वाटते, या गोष्टीतली खरी गंमत इथेच आहे. मी ही हकीकत कादंबरीत लिहिली असती तर अजिंक्यपदाच्या वर्षी पानेन्काला संघात ठेवलाच असता. माझ्या वाचकांनी मला दुसरे काही लिहूच दिले नसते. पण प्रत्यक्षात घडले ते असे. त्या काळच्या राजवटीत खेळाडूला परदेशी खेळायला सहजासहजी सोडीत नसत. वय झाल्यावर, पुष्कळ सेवा केल्यावर परवानगी मिळे. १९८१ साली पानेन्का बत्तिशीत व्हिएन्नाच्या 'रापिड' क्लबाकडे गेला. व्हर्शोव्हित्सेतल्या लोकांनी आवंढा गिळला. आता आपले काय होणार?

तेव्हा चेक आणि स्लोव्हाक मिळून एक देश होता. सर्वोच्च साखळीत सोळा संघ. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा परक्या मैदानावर खेळायचे, म्हणजे तीस सामने. जिंकणाऱ्याला दोन गुण. त्यांत ओस्त्रावा या खाणींच्या शहराचा 'बानीक' १९८० आणि १९८१ अशी लागोपाठ दोन वर्षे पहिला आलेला. १९८२ साली प्रागचा 'दुक्ला' पहिला. तो लष्कराचा क्लब. शिवाय प्रागमधलेच 'स्पार्ता' आणि 'स्लाविया' हे दोन जुने, श्रीमंत, खानदानी क्लब. या सगळ्यांत आमच्या कांगारूचे स्थान म्हणजे थोरामोठ्यांच्या पंगतीत बसलेल्या गरीब भाच्यासारखे. त्याला धड स्वतःचे नावसुद्धा टिकवता आले नव्हते. पन्नासच्या दशकात राजवटीने त्याला स्तालिनग्रादचे नाव लावले होते. पुढे इंजिने आणि ट्रामगाड्या बनवणाऱ्या एका कारखान्याचे लावले. १९६५ साली कुठे कारखान्याच्या नावाला जोडून 'बोहेमियन्स' हे नाव परत मिळाले.

आणि १९८२-८३च्या मोसमात हा भाचा पंगतीच्या अग्रभागी जाऊन बसला. घाई न करणाऱ्या पोस्पीखालांनी संघ बांधला होता. खालौप्काने १७ गोल केले. त्या वर्षी साखळीत त्याच्याहून अधिक कुणी केले नाहीत. गोलात अर्थातच नासपती. शिवाय त्याच मोसमात हा संघ युरोपच्या युएफा चषकातही खेळत होता. त्यांनी फ्रान्सच्या सेंत एतिएनला घरी चार गोलांनी हरवले, स्कॉटलंडच्या डंडी युनायटेडला एका गोलाने मागे टाकले आणि थेट उपांत्य फेरी गाठली. तिथे बेल्जियमच्या अँडरलेख्तने त्यांना थांबवले, आणि तो चषकही शेवटी अँडरलेख्तनेच नेला. पण घरच्या साखळीत तीस सामने संपले तेव्हा बानीक, स्पार्ता, दुक्ला सगळे खाली होते. कांगारू सर्वांत वर.

"त्या दिवशी," आजोबा म्हणाले, "माझी पाळी होती. ट्राम वस्तीतून नेत होतो. लोक रुळांवरून हलेनात. मी घंटा वाजवली नाही."

त्यापुढची गोष्ट तर आणखी विलक्षण. अजिंक्य ठरल्यामुळे क्लब पुढच्या मोसमात, १९८३-८४मध्ये, युरोपच्या विजेत्या संघांच्या स्पर्धेत गेला. पहिल्या फेरीत तुर्कस्तानच्या फेनरबाह्चेला हरवले. दुसऱ्या फेरीत चिठ्ठी निघाली ती व्हिएन्नाच्या रापिडची. म्हणजे ज्या क्लबासाठी आता पानेन्का खेळत होता त्याचीच! प्रागमध्ये बोहेमियन्स दोन-एकने जिंकले. व्हिएन्नात शून्य-एकने हरले. बेरीज सारखी, पण परक्या मैदानावर केलेला गोल जड धरायचा असा तेव्हाचा नियम, त्यामुळे रापिड पुढे गेले आणि बोहेमियन्स घरी आले.

"आजोबांना विचार," मी बाळाला म्हटले, "की पानेन्का गेला याचा त्यांना राग नाही आला?"

हा प्रश्न मी चेक आजोबांना विचारला होता, असे त्या खोलीत बसलेला कुणीही शपथेवर सांगेल. पण बाळाने तो लगेच पोचवला नाही. जरा थांबला, चष्मा काढून पुसला, आणि मग बोलला.

आता मला ती जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. वडील गेले तेव्हा मी नुकताच मॅट्रिक झालो होतो आणि बाळ तिसरीत होता. मॅट्रिकच्या पुढे मी गेलो नाही. शाळेत मास्तर झालो. बाळाची फी, वसतिगृह, पुस्तके हे सगळे त्या पगारातून झाले आणि मला त्याचे कधी काही वाटले नाही. निदान मी तसे समजत होतो. तो इंजिनियर झाला, परदेशी गेला. मी गावी, आईपाशी. २०१८ साली आई दोन महिने अंथरुणाला खिळली. बाळाकडून पैसे मागितल्या दिवशी येत. तो स्वतः आला तो दहाव्या दिवशी. नदीवरून परतल्यावर ओटीवर चार लोक बसलेले असताना मी म्हणालो, "पैसे वेळेवर आले हो, माणूस तेवढा उशिरा आला." बाळ काही बोलला नाही. तेराव्याला जेवला आणि गेला. त्या पैशांवाचून आईचे ते दोन महिनेसुद्धा आम्हांला मिळाले नसते, हे मी त्या चार लोकांना सांगितले नाही. मलाही सांगितले नाही.

आजोबा बराच वेळ आपल्या हातांकडे पाहत राहिले. मग त्यांनी उत्तर दिले, आणि बाळ भाषांतर करू लागला.

"ते म्हणतात, राग आला होता. पुष्कळ आला होता. आपल्यांतला माणूस गेला की राग येतोच. पण पानेन्काचा फटका म्हणून जग ज्याला ओळखते तो काही एकट्या पानेन्काचा नाही. रोज संध्याकाळी सराव संपल्यावर, घरी जायचे सोडून, ह्रुश्का त्याच्यासाठी गोलात उभा राहिला. तो उभा राहिला नसता तर पानेन्का हरला नसता, आणि हरला नसता तर त्याला काही सुचले नसते. त्या फटक्याला नाव एकाचे पडले. गोलात उभा राहिला त्याचे नाव बेलग्रेडला कुणी घेतले नाही. पण ज्याने फटका मारला त्याला ते ठाऊक असते. त्याला ते कायम ठाऊक असते."

बाळाचा आवाज शेवटी जरा बसला. माझ्या लक्षात आले की आजोबांचे वाक्य केवढेसे होते आणि भाषांतर त्याच्या तिप्पट झाले. ते सगळे आजोबांचेच होते का, हे मी तेव्हा विचारले नाही आणि पुढेही कधी विचारणार नाही.

मी म्हटले, "त्यांना सांग, की ह्रुश्काचेही काही बुडाले नाही. बाहुलीसारखा नेम असलेल्या माणसाचे फटके रोज झेलायला मिळाले म्हणूनच त्याचा हात तयार झाला असेल. अजिंक्यपद त्यालाही मिळालेच की. ते कमी आहे का?"

बाळाने हे आजोबांना किती सांगितले, तेही मला माहीत नाही. त्याने तोंड फिरवून काहीतरी दोन शब्द म्हटले आणि आजोबांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली.

त्याच आठवड्यात बाळाने मला सामन्याला नेले. वाटेत त्याने क्लबाची राहिलेली गोष्ट सांगितली. ती आजोबांनी सांगितली नव्हती. माणूस आपल्या घरावर आलेल्या जप्तीची गोष्ट पाहुण्यांना सांगत नाही. १९८३चे वैभव काही टिकले नाही. राजवट गेली, कारखान्याचा आधार गेला, मालक आले आणि गेले. २००५ साली, म्हणजे बरोबर शंभराव्या वर्षी, क्लब कर्जात इतका बुडाला की दुसऱ्या वर्गाच्या साखळीतून त्याला बाहेर काढण्यात आले. कांगारू संपला, असे सर्वांना वाटले. तेव्हा सामने पाहायला येणारे लोक पुढे आले. कुणी शंभर क्राऊन दिले, कुणी हजार. शिक्षक, सुतार, कारकून, ट्रामवाले. त्यांनी वर्गणी जमवून क्लब उभा ठेवला आणि तिसऱ्या वर्गापासून पुन्हा सुरुवात केली. नावावरून भांडणे झाली. म्हणून जन्मसालच नावात घातले: 'बोहेमियन्स १९०५'. दोनच वर्षांत, २००७ साली, क्लब सर्वोच्च साखळीत परत आला. पुढेही एकदोनदा पडला आणि पुन्हा वर चढला. मैदान हातचे जाण्याची वेळ आली, ते २०१६ साली प्राग शहराने विकत घेतले. व्हिएन्नाहून परतलेला पानेन्काही म्हातारपणी याच क्लबाचा अध्यक्ष होऊन याच खळग्यात येऊन बसला.

"आजोबांनी त्या वर्गणीत दिले होते?" मी विचारले.

"एका महिन्याचे पेन्शन," बाळ म्हणाला. थोडे चालल्यावर तो पुढे म्हणाला, "मी तेव्हा इथे नव्हतो, दादा. पण मैदान वाचवायच्या वेळी मीही थोडे दिले. का दिले, विचारू नकोस. परक्या गावात एवढे एकच ठिकाण होते, जिथे कुणी मला 'कुठून आलास' म्हणून विचारले नाही. 'कुणाच्या बाजूचा' एवढेच विचारले."

सामन्याची हकीकत सांगण्याचा अधिकार मला नाही. कोण ऑफसाइड, कोण नाही, ते मला शेवटपर्यंत कळले नाही. गोल किती झाले याचा हिशेब बाळाकडे असेल. मला आठवते ते एवढेच. मे महिन्यातली संध्याकाळ. आमच्याकडे दिवेलागण होऊन जेवणे आटोपली असती तरी तिथे अजून ऊन. चार-पाच हजार माणसांच्या गळ्यांत हिरवे-पांढरे पट्टे. बापांच्या खांद्यांवर पोरे. सर्वांच्या हातांत बिअरचे पेले. माझ्या हातात लिंबू सरबत पाहून शेजारच्या गृहस्थाने फार सहानुभूतीने माझ्या प्रकृतीची चौकशी केली. आणि माझी नजर सगळा वेळ चेंडूवर नव्हती, गोलरक्षकावर होती. बाकीचे धावत होते. तो मात्र एकटा, जागच्या जागी पुढेमागे होत, हातमोजे चाचपत, काहीतरी येण्याची वाट पाहत उभा होता. मला त्याचे सगळे समजत होते. जन्मात पहिल्यांदा फुटबॉलमधले काही मला पुरते समजले.

घरी आल्यावर मी पिशवीच्या तळातून चिक्कीचा पुडा काढला आणि टेबलावर ठेवला. आठ दिवसांत पुडा चेमटला होता.

बाळाने तो उचलला, उलटासुलटा करून पाहिला. "किती वड्या देणे आहे रे दादा?"

"हिशेब ठेवलाय कुणी?"

"मी ठेवला होता," तो म्हणाला. "पण हरवला."

मग त्याने एक वडी फोडली, अर्धी मला दिली, अर्धी स्वतः घेतली आणि तिसरा तुकडा कागदात गुंडाळून शेजारी आजोबांना नेऊन दिला. मीही मागोमाग गेलो. आजोबांनी तुकडा दिव्यापाशी धरून पाहिला, त्यातले शेंगदाणे मोजल्यासारखे केले आणि गालात धरला. चावण्याजोगे दात त्यांना उरले नव्हते. बऱ्याच वेळाने ते काहीतरी बोलले.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, चॉकलेटपेक्षा कठीण आहे, पण खूप वेळ पुरते."

मी परत आलो. त्या मोसमात स्पार्ता, स्लाविया आणि पिल्झेन या तीन श्रीमंतांच्या मागे बोहेमियन्स १९०५ चौथे आले. व्हर्शोव्हित्सेत चौथा क्रमांक म्हणजे सणच. कारण त्यामुळे फार वर्षांनी कांगारूला पुन्हा युरोपात खेळायला मिळाले. जुलैत नॉर्वेच्या बोडो-ग्लिम्ट क्लबाशी गाठ पडली. दोन्ही सामने हरले आणि मोहीम तिथेच संपली.

त्या रात्री बाळाचा फोन आला. दिवाळी नव्हती, आईची तिथीही नव्हती. मी नुकताच वह्या तपासून उठलो होतो. त्याचा आवाज अगदी पडला होता. कितीने हरले, कसे हरले, कोणाची चूक, सगळे तो सांगत राहिला. मी ऐकत राहिलो. तो दम घ्यायला थांबला तेव्हा मी विचारले, "गोलात कोण उभा होता रे?"